आयुष्यभराच्या जोडधंद्यांची वही करायची आहे, प्रत्येकाखाली नेमकं काय लिहावं?

नौपाडा_निवृत्त

१९९१ पासून नोकरी सांभाळून केलेल्या जोडधंद्यांचे कागद एका कपाटात आहेत. स्क्रीन प्रिंटिंग (व्हिजिटिंग कार्डं, लग्नपत्रिका, पुढे कापडी पिशव्या), गणपतीची थर्माकोलची मखरं, एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या, घरचा मसाला आणि दिवाळीचा फराळ, भागीदारीत एसटीडी-झेरॉक्सचं दुकान आणि २०१८ ची एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), जिचं काम थांबलंय पण कागदावर ती चालूच आहे. न केलेल्या कल्पनांची यादी वेगळी, ती याहून लांब.

आता सगळ्याची एकच वही करायची आहे, दर धंद्याला दोन पानं. वाचणार मुलगी आणि भाचा, दोघंही जोडधंद्याच्या शोधात. त्यांना आठवणी नकोत, 'हे आज करावं का' एवढं ठरवता आलं पाहिजे.

विचारायचं असं: १९९२ चा नफा आजच्या नफ्याशेजारी कसा मांडायचा? स्वतःच्या मेहनतीचा हिशोब धरायचा का? तांत्रिक बाबींपैकी कोणत्या लिहिल्या तर उपयोग होतो? आणि जे कागदावर जिवंत आहे ते रीतसर कसं मिटवायचं?

---

ऐरोली_जमाखर्च

मेहनत धरायचीच. जोडधंद्यात ती धरली नाही तर सगळेच धंदे फायद्यात दिसतात. दर धंद्याच्या, दर हंगामाच्या ओळीत एवढं हवं: घातलेले पैसे, ते किती दिवस अडकले, विक्री, माल, इतर खर्च, न आलेली उधारी, उरलेला माल, घरातल्या सगळ्यांचे मिळून तास. सगळा खर्च वजा करून उरेल त्याला तासांनी भागा. ताशी कमाई हा एकच आकडा छपाई, आंबा आणि चकली यांना एका रांगेत उभं करतो.

आंब्याचं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. ४० पेट्या, पाच डझनी, २,५०० रुपयांनी. माल १,००,००० रुपये, टेम्पो ६,०००, खोकी-पिशव्या १,५००. २०० डझनांपैकी ६ टक्के खराब, म्हणजे १८८ डझन विकले, ६५० रुपये डझनाने आले १,२२,२००. उरले १४,७००. चार डझनांची उधारी बुडाली, २,६०० गेले, राहिले १२,१००. पेट्या उलगडणं, निवडणं, फोन, घरपोच देणं मिळून ७० तास. ताशी साधारण १७३ रुपये.

बाकी सगळं तेच ठेवून नासाडी ६ ऐवजी १२ टक्के धरा. विक्री १,१४,४०० वर येते, शेवटी हातात ४,३०० आणि ताशी ६१ रुपये. वहीत 'नफा १२ हजार' एवढंच लिहिलंत तर भाच्याला कळणारच नाही की सगळा खेळ त्या सहा टक्क्यांवर आहे. म्हणून प्रत्येक धंद्याखाली एक वाक्य हवंच: कोणता आकडा थोडा हलला की कमाई कोसळते. आंब्यात नासाडी, मसाल्यात मिरचीचा भाव, छपाईत ऑर्डरीचा आकार, फराळात मजुरीचे तास.

जुन्या रुपयांसाठी आयकराचा महागाई निर्देशांक वापरा. जुन्या मालिकेत १९९१-९२ ला १९९ आणि २००१-०२ ला ४२६. नव्या मालिकेत २००१-०२ म्हणजे १०० आणि २०२५-२६ म्हणजे ३७६. दोन्ही टप्पे गुणले की १९९१-९२ चे १,००० रुपये २०२५-२६ चे साधारण ८,०५० होतात. हा निर्देशांक महागाईच्या तीन-चतुर्थांश वाढीवरच बांधलेला असतो, त्यामुळे उत्तर थोडं कमी येतं. तुलनेपुरतं चालतं.

दोन खड्डे. एक, यंत्र विकलं असेल तर खरेदी आणि विक्रीतला फरक त्या धंद्याच्या खर्चात टाका. बहुतेक जण यंत्राचे पैसे 'गुंतवणूक' म्हणून बाजूला ठेवतात आणि विसरतात. दोन, घरातली खोली. ती फुकट धरायची असेल तर धरा, पण 'फुकट धरली आहे' असं लिहा, कारण भाचा ती भाड्याने घेणार.

---

वाशी_फळबाजार

वरचं गणित बरोबर, पण नासाडी हा नशिबाचा आकडा नाही, त्यामुळे तिच्या तीन ओळी करा. देठाकडून काळा पडून सडलेला, दाबाने डागाळलेला आणि साका. पहिला तोडणी आणि ओलीमुळे, दुसरा रचल्यामुळे, तिसरा फळातच असतो.

साका बाहेरून दिसत नाही. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो आणि तोपर्यंत आंबा गिऱ्हाइकाच्या ताटात गेलेला असतो. म्हणजे तो तुमच्या नासाडीत मोजलाच जात नाही, 'बदलून दिले' मध्ये जातो. तो रकाना वेगळा ठेवा. डझनाला एक आंबा जास्त द्यायची पद्धत असेल तर तेही लिहा, कारण तेवढ्यानेच ८ टक्के जातात.

कच्ची पेटी कोरड्या पेंढ्यात आठ-दहा दिवसांत तयार होते. चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड उघडून पिकत आलेलं फळ वर घ्यायचं. पेंढा ओलसर असला की बुरशी देठापासून सुरू होते. ठाण्याच्या बंद फ्लॅटमध्ये मे महिन्यात पेट्या एकावर एक छतापर्यंत रचल्या तर वरच्या उकडतात, साल सुरकुतते आणि रंग येण्याआधीच फळ मऊ पडतं. चारच्या वर थर नको, मध्ये विटा किंवा पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवायची. कार्बाइडवर बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो, पण ते पिकवण केंद्राचं काम, घरचं नाही.

वहीत तारखांना महत्त्व द्या. मार्चच्या शेवटी आलेली पेटी आणि १५ मेनंतरची पेटी हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात भाव चढा आणि गिऱ्हाईक मोजकं. दुसऱ्यात भाव रोज उतरतो आणि पाऊस पडला की माल रसाच्या भावात काढावा लागतो. घरून विकणाऱ्याने शेवटचा माल १० मेच्या आसपास उचलावा, त्यानंतर फक्त आगाऊ पैसे आलेल्या ऑर्डरीपुरता.

आणखी एक. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. जुन्या कागदांत बागायतदाराची बिलं असतील तर जपून ठेवा. आज 'कोकणातलाच' हे सिद्ध करता येणं हीच विक्रीची निम्मी बाजू आहे. कर्नाटकाचा आंबा त्याच पेटीत भरून विकणाऱ्यांशी भावात झगडण्यात अर्थ नाही.

---

रोड_नंबर_२२

स्क्रीन प्रिंटिंगबद्दल. हा धंदा मेला म्हणणारे अर्धवट बोलतात. कागदावरचा लहान ऑर्डरीचा भाग गेला. कापडी पिशवी, टी-शर्ट, व्हिनाइल स्टिकर, वागळे इस्टेटमध्ये बनणाऱ्या पॅनेलांवरची अक्षरं, सोनेरी शाईची पत्रिका हे सगळं आजही स्क्रीननेच होतं. फरक एवढाच की किती नगांच्या खाली हात लावायचा नाही, हे आता ठरलेलं आहे.

गणित असं. एका रंगाची स्क्रीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेली डिझाइनची जाळी, बनवायला समजा ३०० रुपये आणि नगामागे छपाई २ रुपये. डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून गरम प्रेसने कापडावर बसवायचं, ते नगामागे १२ रुपये आणि तयारी शून्य. एका रंगाला ३० नगांपुढे स्क्रीन स्वस्त. दोन रंगांना तयारी ६००, छपाई ४, मग ७५ नग. चार रंगांना थेट ३००. तुमचे आजचे दर घाला, पण रंग वाढले की हा आकडा कसा उडी मारतो ते वहीत दिसू द्या.

तांत्रिक नोंदी कोणत्या? माझ्या मते या:

जाळीचा नंबर. कापडाला ४३टी ते ५५टी, कार्ड-पत्रिकेला १००टी ते १२०टी. आकडा म्हणजे सेंटिमीटरमागे धागे, टी ही धाग्याच्या जाडीची खूण. चुकीच्या जाळीवर छापलं की कापडावर रंग फिका पडतो आणि कागदावर बारीक अक्षरं बुजतात.

एक्स्पोजरची वेळ, म्हणजे जाळीवर लावलेल्या इमल्शनला (प्रकाशाने घट्ट होणारा थर) डिझाइन ठेवून किती वेळ प्रकाश द्यायचा. कोणत्या ट्यूबखाली, काचेपासून किती अंतरावर, कोणत्या इमल्शनला किती मिनिटं. ही माहिती बाजारात मिळत नाही, प्रत्येकाच्या पेटीप्रमाणे बदलते. वेळ कमी पडली तर धुताना डिझाइनच्या कडा वाहून जातात, जास्त झाली तर बारीक रेषा उघडतच नाहीत. नवा माणूस एकाच स्क्रीनवर पट्ट्या झाकत-उघडत २, ४, ६, ८ मिनिटं देऊन बघेल. तुमचा जुना आकडा असला तर त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्यात इमल्शन वरून सुकल्यासारखं वाटतं आणि आतून ओलं राहतं. तशी स्क्रीन एक्स्पोज केली की धुताना पापुद्रा निघून येतो आणि माणूस विनाकारण एक्स्पोजरची वेळ वाढवत बसतो. उपाय साधा: झाकलेल्या लाकडी पेटीत छोटा पंखा आणि थोडी ऊब, स्क्रीन आडवी, छपाईची बाजू खाली. पेटीत आर्द्रतामापक टाका, दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

स्क्रीन आणि कागद यांच्यातलं अंतर दोन-तीन मिलिमीटर. अंतर नसेल तर कागद जाळीला चिकटतो आणि कडा फुगतात. शाई जाळीत सुकत असेल तर रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारा द्रव. थिनर ओतत राहिलं तर शाई पातळ होऊन पसरते, हे नवशिक्याचं ठरलेलं.

कापडावर प्लास्टिसॉल शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पक्की होते. वरून हात लावून कोरडी लागली म्हणजे झाली असं नाही. छापलेला भाग ताणून बघा, तडा गेला तर आत कच्ची आहे. पहिला नग पाच वेळा धुऊन मगच माल द्यायचा. पिशव्यांच्या धंद्यात परत आलेला माल म्हणजे छपाईबरोबर पिशवीचेही पैसे गेले, आणि पिशवी छपाईपेक्षा महाग असते.

उधारीचा रकाना मात्र छपाईत सगळ्यात मोठा लिहा. लग्नपत्रिकेला निम्मे आगाऊ मिळतात. संस्था, मंडळं, शाळा कार्यक्रम झाल्यावर देतात, म्हणजे कधी कधी देतच नाहीत.

---

घणसोलीची_कांडपवाली

मसाला आणि फराळ एका पानावर लिहू नका. दोन्ही स्वयंपाकघरातले असले तरी पैसे वेगळ्या जागी अडकतात. मसाल्यात मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं भांडवल एकदम जातं आणि वर्षभर थेंब थेंब परत येतं. फराळात तीन आठवड्यांत जातं आणि येतं, पण पाठ मोडते.

मसाल्याची नोंद वजनात करा, वाटीत नाही, आणि दोन वजनं लिहा: आत गेलेलं आणि बाहेर आलेलं. १० किलो मिरचीचे देठ काढून दोन-तीन उन्हं दिली की ती साडेआठ ते नऊ किलो भरते. मिरची ३०० रुपयांनी घेतली आणि पावणेनऊ किलो राहिली तर तिचा खरा भाव ३४३ झाला. पुढे कांडपात थोडं उडतं, थोडं यंत्रात राहतं. किंमत शेवटच्या वजनावर काढायची. बाजारभावावर काढली की किलोमागे चाळीस-पन्नास रुपये कुठे गेले ते कळत नाही.

मिरचीचं मिश्रण नावानिशी लिहा. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा गुंटूर, दोन्हीच्या मध्ये संकेश्वरी. आगरी-कोळी पद्धतीच्या मसाल्यात हळकुंड, धणे आणि खडा मसाला किती, ते दर किलो मिरचीमागे ग्रॅममध्ये. त्याशेजारी त्या वर्षीचे वाशीच्या मसाला बाजारातले भाव. ब्याडगी महागली म्हणून निम्मी केली तर रंग उतरतो आणि जुनं गिऱ्हाईक पहिल्या कालवणातच ओळखतं. त्यापेक्षा भाव वाढवलेला परवडतो.

बिघडतं कुठे? कांडून आलेला मसाला गरम असतो. तसाच डब्यात दाबला की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि जुलैत बुरशी. रात्रभर कापडावर पसरून पूर्ण गार करायचा, मग भरायचा, वरखाली हिंगाचे खडे. मिरची भाजताना एक घाणा करपला तर तो बाजूला काढा. मिसळला तर सगळा मसाला कडवट होतो, आणि कडवटपणा काढायला काही उपाय नाही.

मुलीला दोन वाटा दिसतील, त्या वेगळ्या लिहा. स्वतःचा मसाला बनवून विकणं, किंवा लोकांची मिरची घेऊन नुसती भाजून-कांडून देणं. दुसऱ्यात भाव चढ-उताराची धास्ती नाही, भांडवल नाही, मजुरी रोख. पण यंत्र लागतं आणि ते फ्लॅटमध्ये चालत नाही. शेजारी शिंकून हैराण होतात, सोसायटी पत्र पाठवते, आणि घरगुती मीटरवर धंद्याचं यंत्र चालवलं तर वीजबिलाचा दर बदलू शकतो. गाळा हवा, आणि वर्षातून तीनच महिने काम. उरलेल्या नऊ महिन्यांत तिथे काय चालेल ते आधी ठरवावं लागतं. बहुतेक जण पिठाची गिरणी जोडतात, पण त्याच जात्यावर मिरची आणि गहू नको.

फराळात चकलीवरच बोलते, कारण तीच तोट्यात नेते. भाजणी १ किलो तांदूळ, अर्धा किलो चणाडाळ, पाव किलो उडीदडाळ, त्याच्या निम्मी मूगडाळ, धणे-जिरे, असं घराघरांत थोडं वेगळं. मोहन किलो पिठाला १०० ते १२५ ग्रॅम. जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दगड. तेल पुरतं तापलेलं नसलं की चकली तेल पिते, दोन दिवसांत मऊ पडते आणि पिशवीला तेलाचे डाग. तेल प्यायलं किती हे तोंडाने सांगता येत नाही. कढई आधी आणि नंतर तेलासकट वजन करा, मध्ये ओतलेलं तेल मिळवा, किलो चकलीला किती गेलं ते एकदा काढून ठेवा. तीच वही.

तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरण्यावर २०१८ पासून मर्यादा आहे, त्यातले पोलर घटक (तेल बिघडताना तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं. घरी मापायचं साधन नसतं. फेस येऊन बसत नसेल, रंग काळपट आणि धूर लवकर येत असेल तर पुढचा घाणा नाही. हा खर्च फराळाच्या किमतीत आधीच धरलेला हवा.

आणि लेबल. जुन्या पिशव्यांवर नुसतं 'घरगुती मसाला' आणि फोन नंबर असेल. आज बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, महिना-वर्ष, बॅच, किती दिवस टिकेल, सर्व करांसह किंमत, ग्रॅममागे किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हिरवा ठिपका आणि अन्न नोंदणी क्रमांक, एवढं लागतं. वजनकाटाही दर वर्षी स्टॅम्पिंग करून घ्यायचा. कोणी विचारत नाही म्हणून चालून जातं, आणि कोणी विचारलं की त्या हंगामाचा नफा तिथेच संपतो.

---

चरई_कट्टा

सगळे आकड्यांत शिरलेत. 'का थांबलं' हा रकाना कोणी घेतलाच नाही, आणि भाच्याला तोच आधी वाचायचा असतो.

तिथे 'चाललं नाही' हे शब्द लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. कारणं मोजकीच असतात. कायदा बदलला: महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, मखरांचा धंदा त्या वर्षी उठला. त्यात तुमचं कसब कमी पडलं नव्हतं. डिझाइन, कापणी, जोडणी हे कसब पुठ्ठा आणि कापडावर तसंच चालतं, फक्त गरम तारेऐवजी कटर लागतो आणि पुठ्ठा ओल धरतो, म्हणून माल जुलैत बनवून ठेवता येत नाही. टंचाई संपली: एसटीडी बूथ फोन दुर्मिळ होते म्हणून चालला. २००३ मध्ये मोबाइलचे येणारे कॉल फुकट झाले आणि घरोघरी मोबाइल आला, संपलं. तसलं पान पुन्हा उघडण्यात अर्थ नाही. पण त्याच दुकानातलं झेरॉक्स आज कॉलेज किंवा कोर्टाजवळ चालतं, कारण तिथे कागद अजून लागतो. ती दोन खाती वेगळी करा. भागीदार निघून गेला. नोकरीतली वेळ जुळेना. जागा गेली.

शेवटची तीन कारणं असतील तर धंदा चांगलाच होता, आणि वहीतली हीच पानं सगळ्यात मोलाची. पहिली दोन असतील तर अर्ध्या पानात आटपा.

न केलेल्या कल्पनांना दोन पानं अजिबात देऊ नका. चार ओळी: पैसे कोण देईल, तो माणूस वर्षातून किती वेळा देईल, आज तो काय करून भागवतो, आणि सुरू करायला कोणती एक गोष्ट कमी पडली होती. दुसऱ्या ओळीत 'आयुष्यात एकदा' असं उत्तर आलं तर दर वेळी नवं गिऱ्हाईक शोधावं लागेल, तो खर्च कोणी धरत नाही. तपासायची रीत एकच, ओळखीबाहेरच्या दहा जणांकडून आगाऊ पैसे मागायचे. 'छान कल्पना आहे' हे उत्तर नकार म्हणून मोजायचं.

---

फॉर्म_भरणारी

एलएलपीचं आधी बघा, बाकी वही नंतर.

एलएलपीत एक रुपयाचा व्यवहार नसला तरी दर वर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण, ३० मेपर्यंत) आणि फॉर्म ८ (हिशोबाचं निवेदन, ३० ऑक्टोबरपर्यंत) भरावेच लागतात. शिवाय आयकर विवरण. राहिलेल्या प्रत्येक फॉर्मवर उशीर वाढेल तसं विलंब शुल्क चढतं. बंद करण्याचा अर्ज फॉर्म २४. त्याआधी काम थांबलेलं असलं पाहिजे, देणी मिटवलेली, बँक खातं बंद केल्याचं पत्र, सगळ्या भागीदारांची संमती, नियुक्त भागीदारांची प्रतिज्ञापत्रं, आणि ३० दिवसांपेक्षा जुनं नसलेलं सीएने प्रमाणित केलेलं हिशोबपत्रक. इथेच गाडी अडते: भागीदार परदेशात असतो, प्रतिज्ञापत्र यायला दोन महिने लागतात आणि तोवर हिशोबपत्रक शिळं होतं. म्हणून प्रतिज्ञापत्रं आधी गोळा करा, हिशोबपत्रक सगळ्यात शेवटी. प्रायव्हेट लिमिटेड असती तर फॉर्म एसटीके-२ आणि १०,००० रुपये शुल्क.

जीएसटी क्रमांक अजून चालू असेल तर आधी राहिलेली सगळी विवरणपत्रं भरा. तीन वर्षांपेक्षा जुनं विवरणपत्र आता पोर्टल घेतच नाही, त्यामुळे उद्यावर टाकू नका. मग रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६. त्यात त्या दिवशीचा शिल्लक माल आणि यंत्रं दाखवावी लागतात. त्यांच्या खरेदीवर घेतलेली कराची वजावट परत भरावी लागते, त्यामुळे शिल्लक मालाची यादी खरी करा, अंदाजाने नाही. रद्द झाल्याचा आदेश आला की बरेच जण सुटलो म्हणतात. नाही, तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचं असतं. ते राहिलं की नोटीस येते, तीही बंद पडलेल्या ईमेलवर. वह्या आणि बिलं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची.

व्यवसाय करही विसरला जातो. पीटीईसी क्रमांक एकदा घेतला की वर्षाला २,५०० रुपये देय होत राहतात, धंदा चालो न चालो, आणि त्यावर व्याज. तो क्रमांक रद्द करून घ्या. वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना या करातून सूट आहे, पण आधीची बाकी त्याने पुसली जात नाही.

उरलं ते किरकोळ: उद्यम नोंदणी पोर्टलवरून रद्द होते, दुकान-आस्थापना नोंदणी असेल तर बंद केल्याची सूचना, अन्न नोंदणी परत करणं. चालू खातं सगळ्यात शेवटी बंद करा, कारण परतावा आला तर तो तिथेच येतो. एलएलपीचं खातं मात्र अपवाद, ते अर्जाआधीच बंद हवं. ट्रेडमार्क घेतलेला असेल तर तो दहा वर्षांचा असतो. मसाल्याचं नाव मुलगी वापरणार असेल तर तो मोडीत काढू नका, तिच्या नावावर करून द्या.

---

नौपाडा_निवृत्त

सगळ्यांचे आभार, 'का थांबलं' वरून सुरुवात करतो. एक राहिलं. छपाईच्या खोक्यात एक्स्पोजर पेटी, १४ लाकडी फ्रेमा आणि इमल्शनबरोबरची नारिंगी पावडरची बरणी निघाली आहे. यातलं भाच्याला काय द्यावं?

---

रोड_नंबर_२२

पेटी द्या, ट्यूब नव्या टाका. जुन्या ट्यूब पेटतात पण अतिनील किरण कमी झालेले असतात, तुमची जुनी मिनिटं त्यांना लागू पडणार नाहीत. फ्रेमा सपाट काचेवर ठेवून बघा. एक कोपरा जरी डुलत असेल तर ती दोन रंगांच्या कामाला निकामी, एका रंगाला चालेल. जाळी सगळ्यांचीच बदला, पडून राहिलेली जाळी सैल होते.

नारिंगी पावडर म्हणजे अमोनियम बायक्रोमेट. त्यातलं क्रोमियम विषारी आहे, कॅन्सर करू शकतं, हाताला चट्टे आणि जखमाही होतात. शिवाय ते आगीला मदत करतं, म्हणून थिनर-रॉकेलजवळ ठेवू नका. भाच्याला देऊच नका, तो डायझोचं इमल्शन घेईल, तयार मिळतं. बरणी उघडू नका, मोरीत किंवा ओल्या कचऱ्यात तर मुळीच ओतू नका. झाकणावर टेप, दुहेरी पिशवी, वर मोठ्या अक्षरांत नाव आणि 'विष'. घातक कचऱ्याची तळोजा-महापेची केंद्रं कारखान्यांचा माल घेतात, एकट्याची बरणी तिथे थेट जात नाही. वागळेमध्ये ज्या कारखान्याचा असा कचरा नियमित उचलला जातो, त्यांना विचारून त्यांच्या खेपेत घाला.